लाल ओळींचं ऋण

प्रोग्रामिंगमधलं जे थोडंफार मला कळतं, त्याची सुरुवात एका पतसंस्थेच्या थकबाकीच्या यादीपासून झाली. कर्जदारांचे हप्ते वेबपानावर दाखवायचे आणि ज्यांची मुदत उलटली आहे त्यांच्या ओळी लाल करायच्या, एवढंच काम होतं. माझ्याच्यानं ते होईना. का होत नाही हे ज्या बाईंनी मला समजावलं, त्यांच्याबद्दल हे लिहितो आहे. वयानं त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. ऑफिसात सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मी अजूनही तसंच म्हणतो. नाव छापून आलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून घालत नाही.

मी वसईतल्या सांडोरचा. घरची वाडी, तीत केळी आणि थोडी फुलं. दहावीपर्यंत सगळं शिक्षण मराठीतून. संगणक पहिल्यांदा जवळून पाहिला तो पापडीला, बॅसिन कॅथॉलिक बँकेच्या काउंटरपलीकडे. 1918 साली सुरू झालेल्या या बँकेत आमच्या भागातल्या कितीतरी घरांची खाती आहेत. पुढे वसईच्या गोन्सालो गार्सिया कॉलेजातून बी.कॉम. झालो आणि स्टेशनजवळच्या एका क्लासात डॉट नेटचा कोर्स लावला. फीसाठी वडिलांनी कर्ज काढलं होतं, त्यामुळे तो सोडून देण्याचा प्रश्नच नव्हता.

पाठांतर माझं चांगलं. धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्नोत्तरं घोकून मी बक्षिसं मिळवलेली. क्लासातही तेच चाललं. सर फळ्यावर ओळी लिहायचे, आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. त्यातल्या एका ओळीवर माझं विशेष प्रेम होतं, कारण ती कुठेही चालायची. डेटाबेसमधून आलेली यादी पानावर मांडायला रिपीटर किंवा ग्रिडव्ह्यू नावाचं साधन असतं. एका ओळीचा साचा आपण द्यायचा, जितक्या नोंदी तितक्यांदा ते तो साचा उतरवतं. हे जोडण्याचं काम म्हणजे डेटा बाइंडिंग. प्रत्येक ओळ जोडली गेली की रिपीटरमध्ये आयटमडेटाबाउंड नावाची घटना घडते आणि त्या ओळीची मूळ नोंद डेटाआयटम या नावानं आपल्या हातात येते. ती नोंद डेटारोव्ह्यू आहे असं मानायचं आणि चौकटी कंसात रकान्याचं नाव लिहायचं, की किंमत मिळाली. अशी ती ओळ. ‘मानायचं’ म्हणजे काय, आणि ती नोंद डेटारोव्ह्यूच का, हे मी सरांना कधी विचारलं नाही. ओळ चालत होती.

2007 सालच्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टनं डॉट नेट 3.5 आणि व्हिज्युअल स्टुडिओ 2008 बाजारात आणले. पुढच्या वर्षी मी अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत लागलो, तेव्हा तिथे नवी कामं यातच करायचं ठरलेलं होतं. सी शार्प भाषेत आता लिंक नावाची सोय आली होती. ही लिंक म्हणजे संकेतस्थळाचा दुवा नव्हे. सभासद, कर्ज आणि हप्ते अशा वेगवेगळ्या याद्या भाषेतच एकमेकींशी जोडून हवं तेवढंच उचलायची ती रीत. उचललेलं ठेवायला नवीन वर्ग, म्हणजे नोंदीचा आराखडा, लिहायची गरज नाही. ‘न्यू’ लिहून महिरपी कंस उघडायचा, आत क्रमांक, नाव, हप्ता, मुदत असं हवं ते घालायचं आणि कंस बंद करायचा. या अशा गठ्ठ्याला ॲनोनिमस टाइप म्हणतात. त्याला नाव नसतं, निदान आपण दिलेलं नसतं. (सी शार्पमध्ये देवनागरी नावंही चालतात. आम्ही इंग्रजीच वापरत असू, पण इथे वाचताना अडखळायला नको म्हणून मराठीत लिहितो.)

यादी पानावर सहज आली. साच्यात ‘इव्हॅल’ लिहून कंसात अवतरणचिन्हांत ‘नाव’ लिहिलं की नाव येई, ‘मुदत’ लिहिलं की मुदत येई. आता ओळी तेवढ्या लाल करायच्या होत्या. त्यासाठी पानाच्या मागच्या कोडमध्ये, आयटमडेटाबाउंडमध्ये, मुदतीची तारीख आजच्या तारखेशी ताडून पाहायला हवी. मी माझी पाठ असलेली ओळ टाकली. पान उघडताच पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत चूक आली. ही नोंद डेटारोव्ह्यूमध्ये बदलता येत नाही, असं ती सांगत होती. ठीक आहे, मग कशात बदलता येते? चुकीच्या मजकुरातच एक विचित्र नाव होतं. सुरुवातीला दोन कोनी कंस, मग एफ, मग दोन अधोरेखा, मग ॲनोनिमसटाइप आणि शून्य. मी ते तसंच्या तसं उचलून माझ्या ओळीत डेटारोव्ह्यूच्या जागी चिकटवलं. आता तर प्रोग्राम चालायलाच तयार होईना. मी कोनी कंस काढून पाहिले, अधोरेखा कमी करून पाहिल्या. दुसरं काही करता येईल हे सुचायला जे लागतं, ते माझ्यापाशी नव्हतं.

मॅडम दोन टेबलं सोडून बसायच्या. जुन्या एएसपीच्या आणि व्हीबी सिक्सच्या काळातल्या त्या. रेकॉर्डसेट उघडून एकेक ओळ हातानं पानावर छापायची, असं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं. नव्या साधनांबद्दल त्यांना फारसं कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. माझा पडदा बघून त्या म्हणाल्या, “नाव कशाला शोधतोयस? त्याच्यापाशी काय काय आहे ते बघ ना आधी.” मी म्हटलं, “कसं बघू?” त्यांनी माझी ओळ खोडली आणि डेटाआयटमला नुसतं टूस्ट्रिंग लावून, म्हणजे त्याचा मजकूर करून, पानावर छापलं. प्रत्येक ओळीच्या जागी महिरपी कंस आला आणि त्यात क्रमांक बरोबर अमुक, नाव बरोबर अमुक, मुदत बरोबर अमुक, असं सगळं ओळीनं लिहिलेलं. मी ज्याच्या नावासाठी सकाळपासून झगडत होतो, त्यानं विचारल्याबरोबर स्वतःची सगळी माहिती दिली होती.

मग त्यांनी उत्तर दाखवलं. साच्यातलं इव्हॅल जे करतं तेच मागच्या कोडमध्येही करता येतं. डेटाबाइंडर डॉट इव्हॅल असं लिहायचं, पहिल्या जागी डेटाआयटम द्यायचं, दुसऱ्या जागी ‘मुदत’ हा शब्द. जे हाती येईल त्याला तारीख मानायचं. इथे ‘मानणं’ योग्य होतं, कारण मुदत तारीखच आहे हे आम्हाला ठाऊक होतं. शिवाय मथळ्याच्या ओळीला डेटाआयटम नसतो, तिथे नल असतो, म्हणून आधी ही ओळ नोंदीची आहे ना ते तपासायचं. ओळी लाल झाल्या. मी खूश होऊन ते वहीत उतरवून घ्यायला लागलो.

मॅडमनी वही बंद केली. खरं तर त्यांचं काम संपलं होतं, त्यांनी उठून जायला हरकत नव्हती. दुसरं कुणीही गेलं असतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि रिफ्लेक्टर उघडला. लुट्झ रोडर नावाच्या माणसानं बनवलेलं हे साधन तेव्हा डॉट नेटवाल्यांच्या हाताशी असायचंच. प्रोग्रामची तयार झालेली फाइल, म्हणजे डीएलएल, त्यात टाकली की आत काय आहे ते पुन्हा वाचता येईल अशा कोडमध्ये दिसायचं. आमच्याच प्रोजेक्टची डीएलएल त्यांनी त्यात टाकली. यादीत ते कोनी कंसांचं नाव होतं. आणि त्या नावाखाली अख्खा वर्ग लिहिलेला होता, मी न लिहिलेला. प्रत्येक किमतीसाठी आतलं खासगी घर, ते वाचण्यासाठी बाहेरून प्रॉपर्टी, बदलण्याची सोय नाही, दोन नोंदी सारख्या आहेत का हे ताडून पाहणारी पद्धत (मेथड), आणि मघाशी ज्यानं सगळं छापून दाखवलं तो टूस्ट्रिंग.

“हे कुणी लिहिलं?” मी विचारलं.

“कंपायलरनं. तुझ्यासाठी.”

नावात कोनी कंस मुद्दाम घातले होते. सी शार्पमध्ये नावात असं चिन्ह चालत नाही, म्हणून माणसानं लिहिलेल्या कुठल्याही नावाशी त्याची टक्कर होत नाही आणि माणसाला ते कोडमध्ये लिहिताही येत नाही. मी सकाळपासून नेमकं तेच करू पाहत होतो. वर्गाच्या आधी ‘इंटर्नल’ असं लिहिलेलं होतं, त्यावर मॅडमनी बोट ठेवलं. वर्ग या डीएलएलपुरता आहे, पण त्याच्या प्रॉपर्ट्या पब्लिक आहेत. इव्हॅल धावत्या प्रोग्राममध्ये त्या वस्तूलाच विचारतं, तुझ्याकडे ‘मुदत’ नावाची प्रॉपर्टी आहे का? असेल तर किंमत घेऊन येतं. वर्गाचं नाव त्याला लागतच नाही. हे विचारत बसणं थेट वाचण्यापेक्षा संथ असतं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. पन्नास ओळींच्या यादीला त्यानं काही फरक पडत नव्हता.

त्या दिवशी मला सगळं समजलं, असं म्हणणार नाही. निम्मंच समजलं. पण कोडच्या खाली आणखी कोड असतो आणि तो माझ्यासारख्यालाही उघडून वाचता येतो, हे तोवर माझ्या गावीही नव्हतं. क्लासातल्या ओळी आकाशातून पडल्यासारख्या मी जपून ठेवल्या होत्या.

त्यानंतर मॅडमनी मला एक काम लावलं. मायक्रोसॉफ्टच्या एमएसडीएन या माहितीस्थळावरचं एक प्रकरण वाचायचं आणि जे कळलं ते मराठीत लिहून आणायचं. माझं इंग्रजी कच्चं होतं आणि मी त्याची लाज बाळगून होतो. मराठीत लिहायला लागल्यावर कुठे कळलं नाही ते लगेच उघडं पडे, कारण तिथे वाक्यच पुरं व्हायचं नाही. त्या लाल पेनानं खुणा करायच्या. त्यांची ही तपासणी बहुतेक वेळा अंधेरीच्या फलाटावर चाले. त्या बोरिवलीच्या. बोरिवलीच्या माणसानं विरार गाडीत चढून विरारवाल्यांची जागा अडवू नये, हा पश्चिम रेल्वेवरचा अलिखित कायदा त्या कसोशीनं पाळत, म्हणून आमच्या गाड्या वेगळ्या. माझी विरार फास्ट येईपर्यंत त्या थांबायच्या. त्यांची बोरिवली दर थोड्या वेळानं असायची, ती त्या माझ्यापायी सोडायच्या. घरी त्यांची लहान मुलगी वाट पाहत असे, हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्या वर्षी त्या पुण्याला गेल्या. मला वाटलं, आता आपलं कसं होणार.

2010 च्या एप्रिलमध्ये व्हिज्युअल स्टुडिओची नवी आवृत्ती आली आणि सी शार्पमध्ये ‘डायनॅमिक’ हा शब्द आला. डेटाआयटमला डायनॅमिक म्हटलं की पुढे टिंब देऊन सरळ ‘मुदत’ लिहिता येई. आम्हा पोरांना हर्ष झाला. इव्हॅलची अवतरणचिन्हं गेली, सगळं सुटसुटीत दिसू लागलं. त्याच सुमारास आमच्या प्रोजेक्टचे दोन भाग करायचं ठरलं. डेटाबेसशी बोलणारा कोड वेगळ्या लायब्ररीत, म्हणजे वेगळ्या डीएलएलमध्ये गेला, आणि तिथून ॲनोनिमस टाइपची यादी पानाकडे येऊ लागली. पान मोडलं. चूक अशी की, ‘ऑब्जेक्ट’मध्ये मुदत नावाचं काही नाही. डीबगरमध्ये त्या वस्तूवर माउस नेला तर मुदत समोर दिसत होती. सगळे चक्रावले. कुणी म्हणालं, डेटाबेसमधून नल येतोय. कुणी म्हणालं, नवी आवृत्तीच बिघडलेली आहे.

मला आठवलं ते मॅडमनी बोट ठेवलेलं ‘इंटर्नल’. डायनॅमिक धावत्या प्रोग्राममध्ये शोध घेतं खरं, पण भाषेचे नियम पाळून घेतं. दुसऱ्या डीएलएलमधला इंटर्नल वर्ग पाहण्याचा हक्क आमच्या पानाला नव्हता, म्हणून डायनॅमिकच्या दृष्टीनं तो नुसता ऑब्जेक्ट उरत होता. इव्हॅल असले हक्क पाहत नाही, पब्लिक प्रॉपर्टी दिसली की वाचतं. म्हणून त्याच पानावरच्या जुन्या इव्हॅलच्या ओळी बिनतक्रार चालू होत्या. याच गोष्टीची आणखी एक तऱ्हा पुढे भेटली. आमच्यासारख्या प्रोजेक्टमध्ये पानाचा साचा आणि त्याचा मागचा कोड यांच्याही वेगवेगळ्या डीएलएल होतात, साच्याची पहिल्यांदा पान मागितलं जाईल तेव्हा. त्यामुळे मागच्या कोडमध्ये चालणारं डायनॅमिक त्याच पानाच्या साच्यात मोडतं. रिफ्लेक्टरमधला तो वर्ग पाहिला नसता तर यातलं एकही मला उलगडलं नसतं. सहकाऱ्यांनी मला शाबासकी दिली. ती कुणाची होती ते मला माहीत होतं.

उपाय काय करावा यासाठी मी मॅडमना मेल केला. लायब्ररीनं पानाच्या डीएलएलला आतला हक्क देण्याची सोय आहे, इंटर्नल्सव्हिजिबलटू म्हणतात तिला, ती लावू का? त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. लावू नकोस. जी गोष्ट पद्धतीच्या बाहेर जाते तिला स्वतः नाव दे, चार ओळींचा वर्ग लिही. मला ते तेव्हा मागासलेलं वाटलं होतं, खरं सांगतो. नवी सोय असताना जुन्या माणसासारखा वर्ग लिहायचा? पण त्यांनी सांगितलं म्हणून लिहिला. पुढे इव्हॅलमधल्या अवतरणचिन्हांतल्या नावांनी आम्हाला बराच त्रास दिला. कुणीतरी प्रॉपर्टीचं स्पेलिंग सुधारायचं आणि साच्यातला शब्द तसाच राहायचा. प्रोग्राम बिनबोभाट तयार व्हायचा, पान मात्र ग्राहकासमोर कोसळायचं. 2012 मध्ये एएसपी डॉट नेट 4.5 आलं आणि साच्यालाच ‘आयटमटाइप’ सांगता येऊ लागला. नोंद कोणत्या वर्गाची आहे ते वर लिहायचं, मग खाली चुकीचं स्पेलिंग पान तयार होतानाच पकडता येतं. तिथे वर्गाचं नाव लिहावं लागतं, म्हणजे ॲनोनिमस टाइप चालत नाही. आमच्या वर्गांना नावं होती. तो बदल आम्हाला दुपारच्या जेवणाआधी करता आला.

आता मी रविवारी मिस्सा आटोपली की सांडोरातल्या आठ-दहा मुलामुलींना प्रोग्रामिंग शिकवतो. फी नाही. माझी फी भरली गेली आहे, ती ज्यांनी भरली त्यांना परत करता येत नाही म्हणून हे. मुलं वसईच्या, विरारच्या कॉलेजांत जातात, त्यांच्यातल्या काहींचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे, पण लिहून आणायला मी मराठीतच सांगतो. ॲनोनिमस टाइप त्यांना मी वाडीतल्या टोपलीवरून समजावतो. दादरच्या बाजारात टोपली उतरली, तिच्यावर मालकाचं नाव नाही, तरी फडकं बाजूला केलं की आत केळी आहेत की मोगरा हे हमालालाही कळतं. मॅडमना ही उपमा सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “ठीक आहे, पण टोपलीतली केळी कुणी काढून घेऊ शकतं, हिच्यातलं काही बदलता येत नाही, ते सांगतोस ना?” मी सांगत नव्हतो. आता सांगतो. व्हीबीमध्ये बदलता येतं, हेही त्यांनी लगेच जोडलं. तिथे ‘की’ लावलेल्या प्रॉपर्ट्या तेवढ्या पक्क्या.

रिपीटर आणि ग्रिडव्ह्यू या मुलांना जुनंपानं वाटतं, आणि त्यांचं बरोबर आहे. आजच्या बऱ्याच पानांत ओळी ब्राउझरच मांडतो, सर्व्हर फक्त जेसॉन रूपातली माहिती पाठवतो. पण त्या जेसॉनसाठी सी शार्पमध्ये काय लिहितात ते पाहिलं तर पुन्हा तेच, ‘न्यू’ आणि महिरपी कंस. जेसॉन बनवणारी लायब्ररीही पब्लिक प्रॉपर्ट्या विचारून घेते, नाव विचारत नाही.

मध्यंतरी एका मुलीनं विचारलं, “सर, दोन ठिकाणी अगदी सारखंच लिहिलं तर कंपायलर दोन वर्ग बनवतो की एकच?” मला नक्की सांगता येईना. तिथूनच मॅडमना फोन लावला. त्यांनी प्रश्न ऐकून घेतला आणि विचारलं, “गेटटाइप छापून बघितलंस का?” मी गप्प. “मग फोन कशाला केलास?” म्हणून त्यांनी ठेवून दिला.

मुलं हसली. वस्तूचा वर्ग सांगणारं ते गेटटाइप आम्ही छापून बघितलं. नावं, प्रकार आणि क्रम तिन्ही सारखे असतील तर वर्ग एकच निघाला. मुदत आधी आणि हप्ता नंतर असा क्रम उलटा केला की दुसरा. एवढं होईतो त्या मुलीनं डावीकडच्या मुलाचा लॅपटॉप ओढून त्यात नवी लायब्ररी जोडायला घेतली होती. दुसऱ्या डीएलएलमध्येही सारखंच लिहिलं तर काय होतं, ते तिला बघायचं होतं.